जुनं दगडी घर सावरून पाहुण्यांसाठी उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी दगडी घरं दुरुस्त करून तिथे पाहुण्यांची सोय करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना एक क्रम पाळला आहे: आधी घराला काय सोसवतं ते पाहायचं, मग पाहुण्याला काय हवं ते. हा क्रम उलटा झाल्यामुळे बिघडलेली घरं मी बरीच पाहिली आहेत. काही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घर सावरण्याजोगं आहे की पाडावं लागेल, हे कसं ओळखायचं?

छप्पर उडालेलं, आत झाडं उगवलेली, गिलावा गळून पडलेला, एवढ्यावरून घर गेलं असं समजू नका. दगडी घर तीन ठिकाणी मरतं: पाया खचला तर, भिंतीचे कोपरे एकमेकांपासून सुटले तर आणि भिंतीच्या पोटातला भराव पाण्याने वाहून गेला तर. म्हणून आधी कोपरे पाहा. चारही कोपऱ्यांत दगड आडवे-उभे एकमेकांत गुंतलेले असतील आणि ओळंबा फार ढळत नसेल, तर घरात जीव आहे.

भेगा दिसल्या की लोक घाबरतात. भेग जुनी आहे की चालू आहे, हा खरा प्रश्न. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि मधल्या भागावर काचेची पातळ पट्टी चुन्याने किंवा प्लास्टरने चिकटवा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. हे निरीक्षण किमान वर्षभर करा. कारण जमीन ओल्या दिवसांत फुगते आणि कोरड्यात आकसते, त्यामुळे दोन महिन्यांच्या नोंदीवरून काही कळत नाही. भेग वरच्या बाजूला रुंदावत असेल किंवा भिंत बाहेर झुकलेली असेल, तर जुन्या दगडी बांधकामाचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याला बोलवा. फक्त काँक्रीटवर काम केलेला अभियंता बहुतेक वेळा भिंत पाडायला सांगतो.

२. काम कुठून सुरू करायचं?

पाण्यापासून. छप्पर, पन्हळी, मग घराभोवतालचा निचरा, या क्रमाने. छप्पर पक्कं होईपर्यंत आतलं एकही काम हाती घेऊ नका. पैसे कमी असतील तर छपरावर तात्पुरतं आच्छादन घाला आणि थांबा. वर्षभर कोरडं राहिलेलं घर स्वतःच बरंच सांगतं: कुठली ओल आटली, कुठली तशीच राहिली.

या थांबण्याचा दुसराही फायदा आहे. ऊन कुठल्या खिडकीतून कधी येतं, वारा कुठून शिरतो, कुठली खोली दुपारी गार राहते, हे वर्षभरात कळतं आणि मग पाहुण्यांच्या खोल्या कुठे करायच्या हे नकाशावर ठरवावं लागत नाही. अंदाजपत्रकात मात्र १५ ते २० टक्के रक्कम अनपेक्षित कामांसाठी वेगळी ठेवा. जुन्या घरात ती शिल्लक राहिलेली मी तरी पाहिलेली नाही.

३. सगळे गवंडी सिमेंट वापरतात. मग चुन्याचा आग्रह कशासाठी?

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली इंग्लंडमध्ये घेतलं. त्याआधी बांधलेलं आणि खेड्यापाड्यांत त्यानंतरही कित्येक दशकं बांधलं गेलेलं दगडी घर चुन्यात किंवा मातीत आहे. या घरांत भिंतीत पाणी शिरणार हे गृहीतच धरलेलं असतं. ते पाणी दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, पुन्हा बाहेर पडतं. चुना आणि माती सच्छिद्र असल्याने दरज ही भिंतीची पाणी सोडण्याची वाट असते. दगडापेक्षा मऊ असल्याने झीज होते ती दरजेची. शंभर वर्षांनी दरज पुन्हा भरता येते, दगड पुन्हा घडवता येत नाही.

सिमेंटने दरजा बंद केल्या की पाण्याला दगडातूनच बाहेर पडावं लागतं. पाण्याबरोबर क्षार येतात, ते दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जिथे पाणी गोठतं तिथे हे आणखी वेगाने होतं. सिमेंटची दरज जशीच्या तशी उभी आणि मधला दगड वाटीसारखा खोल झिजलेला, असं दृश्य कुठे दिसलं तर कारण हेच असतं. शिवाय चुन्याचं बांधकाम थोडं हलून सावरतं, सिमेंट हलत नाही, तडकतं. आणि त्या तड्यातून आत गेलेलं पाणी अडकून राहतं.

पर्यावरणाचा मुद्दाही आहे. माणसाच्या कामांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा आहे. चुनखडी भाजतानाही हा वायू सुटतो, म्हणून चुना निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण चुना सिमेंटपेक्षा कमी उष्णतेवर, साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजला जातो आणि घट्ट होताना सुटलेल्या वायूचा काही भाग परत शोषून घेतो. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की चुन्यात बसवलेला दगड उद्या सुटा करून पुन्हा वापरता येतो.

४. चुना कोणता घ्यायचा आणि किती दिवस थांबायचं?

दोन जाती लक्षात ठेवा. एक हवेवर घट्ट होणारा: कळीचा चुना पाण्यात विझवून, मुरवून केलेला लोण्यासारखा गाळ. रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे की जुन्या बांधकाम नियमांत तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना वापरायला बंदी होती. आज तीन महिने मुरलेला मिळाला तरी काम चांगलं होतं. दुसरी जात पाण्यानेही घट्ट होणारी, म्हणजे हायड्रॉलिक चुना. युरोपीय मानकात त्याच्या २, ३.५ आणि ५ अशा प्रती आहेत. हे आकडे २८ दिवसांनंतरच्या किमान दाबबळाचे, म्हणजे दाब सोसण्याच्या ताकदीचे, आहेत. मऊ दगडाला २, मध्यम दगडाला ३.५, आणि फार कठीण दगडाला किंवा सतत भिजणाऱ्या जागीच ५. नेहमी दगडापेक्षा मऊ मिश्रण निवडायचं, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात. विटांची बारीक भुकटी, म्हणजे सुर्खी, घालूनही साध्या चुन्याला पाण्यात टिकण्याचा गुण येतो. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेने करून घेत.

प्रमाण साधारण एक भाग चुना आणि तीन भाग वाळू. कारण वाळूच्या कणांमधली पोकळी एकूण आकारमानाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते आणि ती चुन्याने भरायची असते. वाळू कणीदार, लहान-मोठ्या दाण्यांची हवी. एकसारखी बारीक वाळू घेतली की चुन्याला भेगा पडतात.

थांबण्याबद्दल: हवेवरचा चुना महिन्याला काही मिलिमीटरच आत घट्ट होतो. त्याला सावली, ओलावा आणि वेळ द्या. ताज्या कामावर ओलं गोणपाट टांगा, दिवसातून दोन-तीनदा शिंपडा. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा. आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय चुन्याजवळ कुणालाही जाऊ देऊ नका. कळीचा चुना विझताना पाणी उकळतं, आणि थंड ओला चुनासुद्धा डोळा कायमचा निकामी करू शकतो. जवळ स्वच्छ पाण्याची बादली कायम भरलेली असावी.

५. आधीच्या मालकाने सिमेंटच्या दरजा भरल्या आहेत. सगळ्या खरवडून काढू का?

सगळ्या नकोत. छिन्नीच्या हलक्या ठोक्याने सिमेंट पोपड्यासारखं सुटत असेल तर काढा. सहसा वरवर भरलेलं सुटतं. पण सिमेंट दगडाला इतकं चिकटलं असेल की काढताना दगडाची कड तुटते, तर तिथे हात लावू नका. ते आपोआप सैल होण्याची वाट पाहा, तोवर ओल कुठून शिरते ते बंद करा (प्रश्न ६). ग्राइंडर चालवू नका. त्याचं पातं दगडात शिरलं की तो व्रण कायमचा राहतो. माझ्या देखरेखीखालच्या एका कामात घाईने ग्राइंडर लावला गेला, आणि पुढच्या दर्शनी भिंतीवरच्या त्या सरळ रेघा आजही दिसतात.

दरज मोकळी करताना तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल जा, किमान २५ मिलिमीटर. भरण्यापूर्वी आतली धूळ धुऊन दगड ओला करा. दरज दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. दगडाच्या वर उचललेली, दोरीसारखी दिसणारी दरज पाणी अडवते.

६. भिंतींना ओल आहे, लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागला आहे. ओलरोधक रसायनाचं इंजेक्शन द्यायला सांगतात. द्यावं का?

मी सांगेन, नको. निदान शेवटपर्यंत तरी नको. दोन दगडी थर आणि मध्ये मोकळा भराव असलेल्या भिंतीत ते रसायन सलग थर धरेलच याची खात्री नसते.

ओल कुठून येते हे तिच्या जागेवरून कळतं. जोत्यालगत कायम असते तिथे बाहेरची जमीन पाहा. वर्षानुवर्षं माती, पाचोळा, मुरूम साचून बाहेरची पातळी आतल्या जमिनीच्या वर गेलेली असते. ती आतल्यापेक्षा किमान १५-२० सेंटिमीटर खाली उतरवा, भिंतीपासून दूर उतार द्या, गरज पडल्यास भिंतीपासून थोडं अंतर सोडून खडीचा चर काढा. भिंतीला लागून पायाच्या खाली जाईल असा चर मात्र खणू नका, पाया सुटेल. ओल वर, छपराजवळ असेल तर पन्हळ फुटली आहे किंवा पागोळ्या भिंतीवर येत आहेत. ओल कोपऱ्यांत, कपाटामागे, काळ्या बुरशीच्या रूपात असेल तर ती बाहेरून आलेलीच नाही. ती माणसांच्या श्वासाची, आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ आहे. झोपलेला माणूस रात्रीत श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. बंद खोलीत दोन पाहुणे आठवडाभर राहिले की हिशोब तुम्हीच करा. इथे उपाय खिडक्या आणि न्हाणीघरातला पंखा हा आहे, भिंतीवर रसायन हा नाही.

कारण दूर केल्यावर भिंत वाळायला वेळ लागतो. सर्वसाधारण अंदाज २५ मिलिमीटर जाडीला एक महिना, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या भिंतीला दोन वर्षं. या काळात आतून प्लास्टिक रंग लावला तर सगळी मेहनत वाया गेली. लोणा कोरड्या कुंचल्याने झटकून गोळा करा. धुतलात तर क्षार पुन्हा भिंतीत जातात.

७. पाहुण्यांना उघडा दगड आवडतो. आतला-बाहेरचा गिलावा काढून टाकू का?

घडीव दगडाची, बारीक दरजांची भिंत असेल तर ती उघडी राहण्यासाठीच बांधलेली होती. पण ओबडधोबड दगडांची भिंत बहुतेक ठिकाणी गिलाव्याखाली राहण्यासाठी असते. तो तिचा अंगरखा आहे. काढला की पाऊस थेट भरावापर्यंत पोचतो, आत धूळ झडत राहते, खोली लवकर गार पडते. हौस असेल तर आतली एखादी कोरडी भिंत उघडी ठेवा. बाकी भिंतींवर चुन्याचा पातळ गिलावा द्या, दगडांचा चढउतार त्यातूनही जाणवतो. वरून दुधाइतका पातळ चुना चार-पाच हातांत मारा. सँडब्लास्टिंग तर अजिबात नको. शतकभरात दगडावर आलेलं कठीण कवच त्याने मिनिटांत जातं.

८. एका भिंतीने पोट काढलं आहे. आमचा भाग भूकंपाचाही आहे. पाहुणे ठेवावेत का?

दुरुस्ती होईपर्यंत ठेवू नका. या प्रश्नावर मी जरा थांबून लिहिते.

जाड दगडी भिंत एकसंध दिसते, पण पुष्कळदा ती दोन पातळ भिंती आणि मध्ये चिपा-मातीचा भराव अशी असते. दोघींना बांधून ठेवणारे आरपार दगड पुरेसे नसतील, तर भराव खाली बसत जातो, पाचरीसारखा दाब देतो आणि बाहेरचा थर फुगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच घडलं. मातीत रचलेल्या जाड भिंतींचे थर एकमेकांपासून सुटले आणि वरची जड मातीची छतं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतरच्या मजबुतीकरणात भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही थर जोडण्याची पद्धत वापरली गेली.

आपल्या घरासाठी क्रम असा: छताचं वजन कमी करणं, थर आरपार जोडणं, भिंतींच्या माथ्याशी आणि खिडक्यांच्या वर-खाली घराला सलग पट्टा बांधणं, छताच्या तुळया भिंतीला अडकवणं. फुगवटा थोडा आणि थांबलेला असेल तर पातळ चुना आत सोडून पोकळ्या भरता येतात. पण दाबाने सोडला तर तोच थर ढकलून पाडतो, म्हणून खालून वर, थोडा थोडा. मोठा फुगवटा असेल तर दगडांवर क्रमांक घालून तेवढा भाग उतरवायचा आणि आरपार दगड घालून पुन्हा रचायचा. हे काम अभियंत्याच्या सहीशिवाय करू नका. थोडं सिमेंट किंवा पोलाद इथे आलं तरी माझी हरकत नाही. प्रश्न ३ मधला आग्रह झोपलेल्या माणसाच्या जिवापेक्षा मोठा नाही.

९. जुन्या तुळया बदलायच्या की ठेवायच्या?

तुळई मध्ये नाही, भिंतीत शिरलेल्या टोकाशी कुजते. तिथे टोचा किंवा पेचकस दाबून पाहा. सहज आत गेला तर तेवढा भाग गेला आहे. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणून आधी ओल थांबवा. कुजलेलं टोक कापून त्याच जातीच्या कोरड्या लाकडाचा तिरपा सांधा देता येतो. चांगला सुतार हे करतो आणि नव्वद टक्के जुनी तुळई वाचते. नवं टोक भिंतीत बसवताना भोवती हवेला जागा सोडा. वाळवी असेल तर फक्त लाकडावर औषध मारून उपयोग नाही, ती जमिनीतून येते तो मार्ग शोधा.

१०. खालची जमीन काँक्रीटची करू का?

प्लास्टिक पसरून वर काँक्रीट ओतलं की जमिनीखालची वाफ वर येऊ शकत नाही. ती कडेला सरकते आणि भिंतीत चढते. पूर्वी नसलेली ओल अशा कामानंतर वर्षभरात दिसते. जुन्या फरशा असतील तर क्रमांक घालून उचला, खाली खडीचा किंवा फोमकाचेच्या (काच फुगवून केलेल्या हलक्या) गोळ्यांचा थर, त्यावर चुन्याचं काँक्रीट आणि मग त्याच फरशा. जमीन खोदताना पायाच्या तळापेक्षा खाली जाऊ नका.

११. जाड भिंती म्हणजे आपोआप गार आणि उबदार घर ना? इन्सुलेशन कशाला?

हा फार पसरलेला गैरसमज आहे. दगड उष्णता साठवतो, अडवत नाही. ६० सेंटिमीटर दगडी भिंत उष्णता जेवढी रोखते, तेवढी लाकूडतंतूची दीडेक सेंटिमीटर जाड फळीही रोखते. दिवस तापतो आणि रात्र गार होते अशा हवेत साठवण्याचा गुण सोन्यासारखा आहे: दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, खिडक्या उघडल्या की भिंत रिकामी होते. पण आठवडेच्या आठवडे थंडी असेल तिथे तीच भिंत घरातली ऊब खात राहते.

म्हणून आधी छत. उष्णता सर्वात सहज तिथून जाते आणि तिथे जाड थर घालणं सोपंही असतं. मग फटी, दारं, खिडक्या. भिंती शेवटी, आणि त्याही वाफ जाऊ देणाऱ्या साहित्याने: लाकूडतंतू, चुन्यात मिसळलेलं भांगाच्या खोडाचं भूस, बूच घातलेला चुन्याचा गिलावा. थर मध्यम ठेवा आणि भिंतीला पूर्ण चिकटवा. फार जाड केला तर मूळ दगड गार पडतो आणि वाफ त्याच्यावर, तुळईच्या टोकाशी, पाणी होऊन बसते (प्रश्न ९). थर्माकोल आणि फॉइल या भिंतींवर नको.

१२. पाहुणे फक्त सुट्टीत येतात. मधल्या काळात घर बंद. चालेल का?

चालेल, पण दगडाचं वजन लक्षात घ्या. ६० सेंटिमीटर जाड भिंतीच्या १० चौरस मीटर भागाचं तापमान एका अंशाने वाढवायला साडेतीन युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा लागते, म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर जवळपास पावणेदोन तास. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी हीटर लावून काही होत नाही. हवा तापते, भिंती गारच राहतात, आणि माणसाला थंडी वाजते ती भिंतींमुळे. थंड प्रदेशात घर रिकामं असतानाही हलकी ऊब चालू ठेवा किंवा दोन दिवस आधी सुरू करा. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी थंडीचे महिने घर बंदच ठेवावं. बंद घरात खिडक्यांची वरची झडप मात्र उघडी हवी.

१३. किती खोल्या कराव्यात?

घराला पाणी किती मिळतं आणि मैलापाणी किती जिरतं, यावर. चार खोल्यांच्या घरात चार न्हाणीघरं कोंबली की जुन्या भिंतींना भोकं पडतात, माळ्यावर पाणी चढतं आणि लाकडी तक्तपोशीखाली गळती कधी सुरू झाली ते कळत नाही. न्हाणीघरं एकावर एक किंवा नव्या छोट्या पडवीत घ्या, जी उद्या मूळ घराला धक्का न लावता काढता येईल. तीन नीट खोल्या पाच अवघडलेल्या खोल्यांपेक्षा जास्त काळ चालतात.

१४. पावसाच्या पाण्यावर भागेल का? आणि सांडपाणी?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छप्पर, वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के नासाडी धरली तर ६४,००० लिटर. सहा पाहुणे माणशी १०० लिटर वापरत असतील तर ते १०६ दिवस पुरतं. त्यातही पाऊस थोड्याच महिन्यांत पडत असेल तर टाकी किती मोठी हवी याचा हिशोब आधी करा. पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडून द्यायची सोय ठेवा. छतावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा शिशाची पट्टी असेल तर ते पाणी पिण्यासाठी नको.

सेप्टिक टँक पूर्ण भरलेल्या घराच्या मानाने बांधा, सरासरीच्या नव्हे. सुट्टीच्या चार दिवसांत एकदम भार येतो. टाकीतलं काम जिवाणू करतात, म्हणून तीव्र जंतुनाशकं वापरू नका आणि तसं पाहुण्यांनाही सांगा. शोषखड्डा विहिरीपासून किमान ३० मीटर दूर, उताराच्या खालच्या अंगाला. जागा असेल तर टाकीनंतर लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींचा वाफा फार छान काम करतो, त्याला वीज लागत नाही.

१५. सौर बंबाचं पाणी कोमट असतं. तेवढं पुरे ना?

पाहुण्यांच्या घरात पुरे नाही. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा या रोगाचा शोध लागला आणि त्यावरूनच त्याला नाव मिळालं. अधूनमधून रिकामं राहणारं घर या जिवाणूंना सोयीचं असतं. साठवणीच्या टाकीतलं पाणी ६० अंशांवर न्या, त्यासाठी सौर बंबाला जोड तापक ठेवा. नळाशी मिश्रण झडप लावा, म्हणजे कुणी भाजणार नाही. खोली आठवडाभर रिकामी राहिली असेल तर पाहुणे येण्याआधी सगळे नळ काही मिनिटं सोडा, शॉवरचं तोंड पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून. न वापरलेल्या नळ्यांची बंद टोकं काढून टाका.

१६. छपरावर सौर पॅनेल शोभतील का?

शोभण्यापेक्षा छप्पर ते वजन आणि वाऱ्याची ओढ पेलेल का, ते विचारा. जुन्या वाशांवर शंका असेल तर पॅनेल गोठ्यावर, कुंपणालगत किंवा जमिनीवर लावा. एक किलोवॅटला साधारण पाच-सहा चौरस मीटर जागा लागते. आधी वापर कमी करा, मग पॅनेल मोजा.

१७. आगीसाठी काय करावं? भिंती तर दगडी आहेत.

भिंती दगडी आहेत, पण जिना, तक्तपोशी, छप्पर लाकडी आहे. आणि पाहुण्याला अंधारात जिना सापडत नाही. प्रत्येक खोलीत आणि जिन्यात एकमेकांना जोडलेले धूरसूचक बसवा, एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. शेकोटी किंवा लाकडाची चूल असेल तिथे कार्बन मोनॉक्साइडचा सूचक हवाच. वरच्या मजल्यावर एकच जिना असेल तर खिडकीतून सुटका शक्य आहे का पाहा. नसेल तर ती खोली झोपण्यासाठी देऊ नका. दारं आतून किल्लीशिवाय उघडावीत.

१८. ग्रॅनाइटच्या भागात घर आहे. रेडॉनची भीती खरी आहे का?

खरी आहे. हा किरणोत्सारी वायू जमिनीतून येतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर त्याचं नाव घेतलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्साराचं एकक) आहे, आणि ते शक्य नसेल तिथे ३०० च्या वर जाऊ नये असं ती सांगते. अवघड गोष्ट ही की फटी बंद करून घर उबदार केलं की रेडॉन वाढू शकतो. म्हणून दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, दोन्हीदा किमान तीन महिने मोजणी करा. जास्त आढळला तर जमिनीखालून हवा ओढून बाहेर सोडणारा पंखा लागतो. फरशीचं काम चालू असतानाच त्याची नळी टाकून ठेवा (प्रश्न १०).

१९. माळ्यावर वटवाघळं आहेत.

काम थांबवा आणि वनखात्याला किंवा निसर्ग अभ्यासकाला विचारा. अनेक देशांत त्यांना हुसकावणं गुन्हा आहे. पिल्लांचा काळ टाळून काम करता येतं आणि त्यांच्यासाठी एक फट राखून ठेवता येते.

२०. नव्याने केलेला भाग जुन्यासारखाच दिसावा का?

दुरून मिसळून जावा, जवळून ओळखू यावा. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व आहे, आणि तीच सनद म्हणते की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबायला हवी. पडलेल्या कमानीचा फोटो, खूण, काहीच नसेल तर दुसऱ्या घराची कमान आणून लावू नका. साधी लाकडी चौकट बसवा. कोनाडे, उंबरठे, झिजलेल्या पायऱ्या तशाच राहू द्या. डोक्याला लागेल असं उत्तरंग असेल तर ते कापू नका, त्याला पांढरी कड द्या आणि दिवा लावा.

२१. जाड भिंतींतून वायफाय जात नाही.

जाणारही नाही. फरशी उघडी असतानाच प्रत्येक खोलीत एक तार टाकून ठेवा.

२२. "पर्यावरणपूरक निवास" असं लिहू शकतो का?

विशेषणाऐवजी कामं लिहा: किती जुनं साहित्य पुन्हा वापरलं, पाणी कुठून येतं, वीज किती लागते, मैलापाण्याचं काय होतं. उणं असेल तेही लिहा. थंडीत रात्री खोली १८ अंशांच्या वर जात नसेल तर आरक्षणाआधीच सांगा. जाड पांघरूण ठेवलं आहे हेही सांगा. हे वाचून जो येतो तो तक्रार करत नाही.

२३. पहिले पाहुणे कधी बोलवावेत?

प्रत्येक खोलीत तुम्ही स्वतः किमान दोन रात्री झोपल्यावर, त्यातली एक धो-धो पावसाची. उशाशी वही ठेवा. कुठे ठिबकलं, कुठली फळी वाजली, रात्री पाण्याला उठताना हात कुठे आपटला, नळातून गरम पाणी यायला किती वेळ लागला, ते लिहून काढा. परवाना, अग्निसुरक्षेचा दाखला आणि पाहुण्यांची जबाबदारी धरणारा विमा तोवर हातात असू द्या. बंद घराचा साधा विमा यात चालत नाही. मग ओळखीच्या चारजणांना बोलवून घर एकदम भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेप्टिक टँकचं झाकण उघडून पातळी पाहा.